पत्ता आणि पाळत

हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात, शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी चंडीमंदिर ही छावणी आहे. सेनेच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय १९८५ साली सिमल्याहून येथे आले. महाराष्ट्रातून सैनिकाला पत्र धाडणाऱ्या घरांना एक गोष्ट मात्र चांगली ठाऊक असते. पाकिटावर नाव, क्रमांक, पलटण आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' एवढेच लिहावयाचे. पलटण पंजाबच्या मैदानात आहे की हिमशिखरावर, हे पाकीट सांगत नाही. सैनिकी टपालखाते ते जाणते आणि पत्र पोचते करते. पोचवण्यास लागेल तेवढेच उघड करावे, हे ह्या व्यवस्थेचे मर्म होय.

मासिकाच्या कचेरीतील वर्गणीदारांची जुनी वही अशीच मितभाषी होती. नाव, पत्ता आणि वर्गणी संपण्याची तारीख एवढ्यावर तिचे काम भागे. आज तिची जागा ई-मेल धाडणाऱ्या यंत्रणेने घेतली आहे. तेथेही प्रत्येक वर्गणीदाराची एक ओळ असते व ई-मेलचा पत्ता ही तिची ओळखखूण. परंतु रकान्यांना अंत नसतो. गाव, जन्मतारीख, आवडनिवड, खरेदी, सारे त्यांत साठते. पत्रात दडवलेले डोळ्यांस न दिसणारे चित्र पत्र उघडल्याची वर्दी देते. दुव्यावर बोट ठेवले की त्याचीही नोंद होते.

ह्यामागे हेतू वाईटच असतो असे नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणाला नकोशा होतील? पण निरुपद्रवी तपशील एकत्र आले की त्यांतून निराळेच चित्र उमटते. धावपटूंच्या वाटा दाखवणाऱ्या 'स्ट्राव्हा'च्या नकाशावरून अनेक देशांचे सैनिकी तळ ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये जगाला कळले. कोणीही गुपित फोडले नव्हते. नोंदी तेवढ्या साचल्या होत्या.

भारताच्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे तत्त्व हेच आहे: संमती स्पष्ट असावी, सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपताच ती पुसावी. वर्गणीदार निघून गेला, तर त्याचा पत्ता तेवढा 'पुन्हा पत्र धाडू नये' अशा यादीत राहावा. बाकीच्या रकान्यांना तेथे राहण्याचे कारण उरत नाही.

नवा रकाना आखणाऱ्याने म्हणूनच आधी एक प्रश्न विचारावा: ह्याच्यावाचून पत्र पोचणार नाही काय? सैनिकाच्या पाकिटाने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे.