मांडव मोडावा, मेढ मोडूं नये

(सुतार, लोहार, बुरूड व शेतकरी मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी शाळामास्तर. बांधकामाविषयीं बोलण्याचा तुला अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार एवढाच कीं, आमच्या शाळेची जुनी खोली पाडली तेव्हां "सहा महिन्यांपुरतें" म्हणून पत्र्याचें शेड मिळालें, आणि त्या सहा महिन्यांत चार उन्हाळे निघाले. दुपारीं पोरांच्या डोक्यावर तवा तापे. पाऊस आला कीं माझा शब्द पहिल्या रांगेपर्यंतहि पोंचत नसे. तेव्हां मी एक धडा शिकलों. तात्पुरतें हा शब्द गरिबाच्या दारीं आला म्हणजे तो मुक्कामालाच येतो.

म्हणून तात्पुरत्या इमारती वाईट, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. लग्नाचा मांडव, राखणीचा माळा, वारींतली राहुटी, तमाशाची कनात, या सर्व तात्पुरत्याच. ऊसतोडीला जाणारा आपला भाऊ बांबू व चटया घेऊन निघतो, कारखान्याच्या बाजूला कोपी उभी करतो, आणि हंगाम सरला कीं कामाचे बांबू गाडींत घालून परत येतो. तमाशाचा फड रात्रीं हजार माणसें बसवितो. सकाळीं तेथें नुसतीं खुंट्यांचीं भोंकें उरतात, कनात पुढच्या जत्रेला गेलेली असते. ही विद्या आपली आहे. ती पुस्तकांत नाहीं म्हणून तिला कोणी विद्या म्हणत नाहींत, इतकेंच.

आतां परमुलखांतलें ऐका. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं लोखंड व कांच यांची प्रचंड इमारत उभारली. तिला क्रिस्टल पॅलेस म्हणत. तिचा आराखडा काढणारा जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा आणि धंद्यानें माळी. झाडांसाठीं कांचघरें बांधतां बांधतां त्याला युक्ति साधली. खांब व तावदानें ठराविक मापाचीं. कारखान्यांत घडवावीं, जागेवर जोडावीं. म्हणून वर्षाच्या आंत इमारत उभी राहिली. प्रदर्शन संपल्यावर ती सोडली आणि सिडनहॅम येथें अधिक मोठी करून १८५४ सालीं पुन्हां उघडली. १९३६ सालीं आगींत जळेपर्यंत ती तेथें ८२ वर्षें उभी होती. आणि आरंभीं ती कांहीं महिन्यांपुरतीच होती!

दुसरें उदाहरण जपानचें. १९९५ सालीं कोबे शहरांत भूकंप झाला. तेथें शिगेरू बान नांवाच्या वास्तुकारानें जाड कागदाच्या नळ्यांचीं घरें बांधलीं. पायाला बाटल्यांचे रिकामे क्रेट, त्यांत वाळूचीं पोतीं. तशाच नळ्यांचें एक प्रार्थनामंदिर स्वयंसेवकांनीं उभें केलें. दहा वर्षांनीं तें सोडून तैवानला नेलें, कारण १९९९ सालीं तेथेंहि धरणी हादरली होती. २००८ सालीं तें तेथील एका खेड्यांत उघडलें. २००१ च्या भूकंपानंतर याच माणसानें आपल्या भुजलाहि असें घर केलें. पाया पडक्या घरांच्या डबराचा, छपराला बांबू व विणलेल्या चटया. म्हणजे आमच्या बुरुडाचेंच काम कीं!

तिसरें उदाहरण घरचें आणि दुःखाचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंती व माळवदांखालीं गाडलीं गेलीं. वांचलेल्यांना पत्र्याचीं शेडें मिळालीं. पक्कें घर मिळेपर्यंत कित्येकांचे उन्हाळे त्या पत्र्याखालीं गेले. निवारा द्यावयाचा तर तो माणसाला राहण्याजोगा हवा, आणि पुढें त्या सामानाचें काय करावयाचें हें पहिल्या दिवशींच ठरलेलें हवें.

चौथ्या उन्हाळ्यानंतर आम्हीं अर्ज करणें थांबविलें नाहीं, वाट पाहणें मात्र थांबविलें. गांवचे सुतार, लोहार व बुरूड शाळेच्या अंगणांत बसले. सुतारदादा म्हणाले, "गुरुजी, खिळा ठोकला कीं लांकूड एकदां कामाला येतें. बोल्ट घातला कीं दहादां येतें." त्या बैठकींत जें ठरलें तें आपणांस सांगतों.

जोड कायमचा करूं नये. बोल्ट घालावा किंवा दोरीनें बांधावें. माप एकच ठेवावें, म्हणजे कोणताहि खांब कोणत्याहि खांबाच्या जागीं बसतो. एकहि नग दोन माणसांना उचलणार नाहीं इतका जड नको. बांबू तीन वर्षांवरचा, पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्यावा. कोवळ्या बांबूला कीड लवकर लागते. तो बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यांत भिजवून सावलींत सुकवावा. बूड मातींत पुरूं नये, दगडावर टेकवावें. नाहींतर वाळवीला आयतें जेवण. हलकें छप्पर माणसाला चिरडीत नाहीं, पण वाऱ्यानें उडतें. म्हणून तिरपे आडवे बांबू आणि चारी कोपऱ्यांना खुंट्यांचे ताण हवेच. पत्र्याखालीं चटई, आणि दोहोंमध्यें वारा खेळण्यास वाट. सोडलेला माल मोजून, वहींत लिहून, कोरड्या जागीं ठेवावा.

दोन वर्षें त्या सांगाड्याखालीं शाळा भरली. पुढें पक्की खोली झाली तेव्हां आम्हीं तो एका दिवसांत सोडला. त्या उन्हाळ्यांत तो लग्नांचा मांडव झाला, नंतर कांद्याची चाळ झाला, आणि दुष्काळाच्या सालीं गुरांच्या छावणीवर सावली झाला. मांडवाच्या भाड्यासाठीं सावकाराची पायरी चढावी लागली नाहीं, हें तुमच्यापैकीं पुष्कळ बापांना ठाऊक आहे.

एक तंटा मात्र झाला. तो लपवून ठेवणें बरें नव्हे. बुरूडवाड्यांत लग्न निघालें तेव्हां कांहीं मंडळी म्हणालीं, सांगाडा तिकडे गेला तर परत आमच्या दारीं नको. मीं वही उघडली. कोणत्या खांबाला कोणाचा हात लागला तें तींत लिहिलेलें होतें. मीं विचारलें, ज्याच्या हातानें हा मांडव उभा राहिला त्याच्याच दारीं तो जाऊं नये काय? सभा बराच वेळ गप्प होती. शेंवटीं एक म्हातारे पाटील उठले आणि म्हणाले, "मेढी मी स्वतः गाडींत घालतों." आणि त्यांनीं घातल्या. पुढच्या महिन्यांत तोच सांगाडा त्यांच्या नातीच्या लग्नाला उभा राहिला.

मंडळी, मांडव मोडण्यासाठींच असतो. मेढ मोडूं नका. येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक वाडीनें वर्गणी काढून असा एक सांगाडा करावा, वही ठेवावी, आणि तींत पहिल्या पानावर लिहावें कीं हा सर्वांचा आहे.