चिल्क्याचे नवे मुख



दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्याने ध्येयवादाविषयी बोलावे असा संकेत असला, तरी मी आज आपणांस एका सरोवराच्या कारभाराची हकीकत सांगणार आहे. कारण आपल्यापैकी बरेच जण उद्या वन, जलसंपदा, मत्स्यव्यवसाय वा महसूल यांपैकी कोणत्या ना कोणत्या खात्याची पायरी चढणार आहेत.

ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिल्का हे उन्हाळ्यात सुमारे ९०० आणि पावसाळ्यात साडेअकराशेंहून अधिक चौरस किलोमीटर पसरणारे खारकच्छ. महानदीच्या दया, भार्गवी प्रभृती शाखा त्यात गोडे पाणी आणि गाळ आणून ओततात, तर बंगालचा उपसागर भरतीसरशी खारे पाणी आत लोटतो. आणि या दोहोंच्या मेळावर तेथील मासळी, इरावती डॉल्फिन, नलबण बेटावर हिवाळ्यात उतरणारे लक्षावधी पक्षी आणि काठच्या शंभरांहून अधिक गावांतील मच्छीमारांच्या चुली अवलंबून असतात.

हाच मेळ पुढे बिघडत गेला. किनाऱ्यालगत लाटांबरोबर वाहणारी वाळू सरोवराचे मुख उत्तरेकडे सरकवीत गेली, समुद्राकडे जाणारा मार्ग लांबत लांबत अरुंद आणि उथळ झाला, भरतीचा जोर वाटेतच ओसरू लागला, आणि मग क्षारता घटून गोड्या पाण्यातील वनस्पतींनी विस्तीर्ण क्षेत्र व्यापले व समुद्रातून आत येणाऱ्या माशांची वाट खुंटली. १९८१ साली रामसर करारान्वये ज्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ म्हणून मान मिळाला होता, तेच सरोवर १९९३ साली संकटग्रस्त स्थळांच्या यादीत गेले.

तत्पूर्वी, १९९१ साली, ओडिशा सरकारने चिल्का विकास प्राधिकरण स्थापिले होते. या प्राधिकरणाने फावडे उचलण्याआधी अभ्यास करविला, ही गोष्ट मला विशेष वाटते. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांच्या अभ्यासाच्या आधारे २३ सप्टेंबर २००० रोजी सिपकुडाजवळ वाळूचा बांध कापून नवे मुख उघडण्यात आले, आणि समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरांनी आखूड झाली. क्षारता सुधारली, मासळीचे उत्पन्न दोन वर्षांत कित्येक पटींनी वाढले, आणि २००२ साली चिल्क्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून वगळले गेले.

उद्घाटनाच्या कोनशिलेवर कोरण्याजोगा भाग येथे संपतो. वाळू मात्र सरकारी मंजुरीची वाट पाहत नाही. २००८ साली समुद्राने आपणहून आणखी एक मुख फोडले, आणि नकाशे पुन्हा काढावे लागले. पाण्याची क्षारता नियमित मोजणे, पक्ष्यांची आणि डॉल्फिनांची वार्षिक गणना करणे, वरच्या पाणलोटात गावकऱ्यांना बरोबर घेऊन गाळ अडविणे, या नीरस वाटणाऱ्या कामांवरच त्या सरोवराचे आरोग्य आजवर टिकले आहे.

आणि एक गाठ अशी की जी कोणत्याही अभियंत्याला कापता आली नाही. कोळंबीच्या पैशाने लोभावलेल्या, बहुधा बाहेरच्या मंडळींनी उथळ पाण्यात जाळ्या-बांबूंचे कुंपण घालून ‘घेरी’ उभ्या केल्या आणि परंपरागत मच्छीमारांचा हक्काचा पाणपट्टा बळकावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरोवरापासून १००० मीटरच्या आत कोळंबीशेतीस मनाई केली. तरीही १९९९ साली घेरींविरुद्धच्या संघर्षात सोराना गावी पोलिसांच्या गोळीबारात चौघे प्राणास मुकले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे बेकायदा घेरी उभ्याच होत्या. समुद्राला वाट करून देण्यात जे सरकार इतके तत्पर ठरले, ते या कब्जांपुढे इतके मंद का व्हावे? माझ्या मते त्या उज्ज्वल कार्यावरील हा डाग आहे, आणि प्रशस्तिपत्रे वाचताना तो झाकून ठेवू नये.

स्नातकहो, आपल्याही किनाऱ्यावर गाळाने भरत चाललेल्या खाड्या आहेत आणि त्यांच्या काठी आपली तक्रार कोणी ऐकेल या आशेवर बसलेले कोळी आहेत. एखाद्या तालुक्याच्या कचेरीत पाणी मोजण्याची आणि त्या तक्रारी नोंदविण्याची जागा आपणांस मिळाली, तर ती कनिष्ठ म्हणून नाकारू नका; आणि कोळ्याचा अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचल्यावाचून दप्तर बांधू नका, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.