सव्वाशे पानांची पुस्तकं



संयोजकांनी मला ‘एआय आणि आपल्या नोकऱ्या’ यावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर चहाच्या वेळी बोलूच. मी ही दहा मिनिटं मागून घेतली आहेत ती छोट्या पुस्तकांवर बोलायला. इतिहास, समाज, राजकारण, संस्कृती अशा विषयांची सामान्य वाचकाला ओळख करून देणारी, दोन-तीन बैठकांत संपणारी पुस्तकं.

कारण सांगते. आपल्यातले जे दहावीनंतर सायन्सला गेले, त्यांचा इतिहास पंधरा-सोळाव्या वर्षी थांबला. मार्चमध्ये पेपर दिला, पुस्तक धाकट्या भावंडाला दिलं, संपलं. मग चार वर्षं इंजिनीअरिंग, पुढे वीसेक वर्षं नोकरी. मतं मात्र वाढतच राहिली. शिवाजी महाराजांबद्दलची आपली माहिती चौथीच्या पुस्तकातली आणि आवेश चाळिशीतला! मधली जागा मोबाइलवर येणाऱ्या मजकुरांनी भरली. आपल्या ग्रुपवर तीन वर्षांपूर्वी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अशाच एका मजकुरावरून दोघं भांडले, दोघांनीही ग्रुप सोडला आणि ‘इथे इतिहास-राजकारण नको’ असा नियम झाला. मला तो नियम पटलेला नाही. भांडण बंद झालं, पण दोघांचं बोलणंही बंद झालं.

आता कुणी म्हणेल, मग ग्रंथ वाचा. नोकरी, घर, आईवडिलांची औषधं यांतून पाचशे पानं कोण वाचणार? आमच्या धंद्यात नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी सगळा कोड वाचायला देत नाहीत. ज्याला ती सिस्टिम पुरती ठाऊक आहे अशा कुणीतरी लिहिलेली आठ-दहा पानं देतात: हे भाग, हे असे जोडलेत, इथे हात लावताना जपून. ही पानं लिहिणं सोपं नसतं. काय गाळायचं ते जाणकारालाच कळतं.

अशा पुस्तकांचा इतिहासही गमतीचा आहे. इंग्लंडमध्ये १९३७ साली ॲलन लेन यांनी पेलिकन मालिका काढली. किंमत सहा पेन्स. तिच्या पहिल्या संपादकांत व्ही. के. कृष्ण मेनन होते. तेच, पुढे आपले संरक्षणमंत्री झालेले आणि उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेलेले. १९४१ मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना पॉल आंगूल्व्हां यांनी ‘क सेज्’ ही मालिका सुरू केली. नावाचा अर्थ ‘मला काय ठाऊक?’ विषय कोणताही असो, पानं १२८. आणि ऑक्सफर्डची ‘व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन’ मालिका १९९५ पासूनची. तिच्यात आता सातशेहून अधिक पुस्तकं आहेत. सगळीच चांगली नाहीत. काही इतकी कोरडी की परीक्षेच्या गाइडची आठवण यावी.

पण त्यातलं जॉन अर्नोल्ड यांचं ‘हिस्टरी’ जरूर वाचा. सुरुवात एका खुनाने होते. १३०१ च्या सुमाराची, दक्षिण फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरांतली हकिकत. चर्चने पाखंडी ठरवलेल्या पंथाची माणसं लपून राहतायत, एक जण त्यांना पकडून द्यायला निघालाय, आणि त्याचा काटा काढला जातो. गोष्ट सांगून झाली की प्रश्न येतो, आपल्याला हे कळलं कसं? तर चर्चच्या चौकशीत दिलेल्या जबान्यांमधून. मग जबानी देणारा कोणाला घाबरून बोलत होता? लिहून घेणाऱ्याला नेमकं काय ऐकायचं होतं? आम्ही बग शोधताना लॉग वाचतो तेव्हा हेच विचारतो. ही ओळ कोणी लिहिली, केव्हा, आणि काय लिहायचं राहिलं? इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगते, हे काम एवढं माझ्या कामासारखं असेल असं मला दहावीत वाटलं नव्हतं. सनावळ्या पाठ करण्यातच वर्ष गेलं होतं.

चांगल्या छोट्या पुस्तकाची माझी एक खूण आहे. ‘याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही’ असं त्यात कुठेतरी येतं आणि मग दोन्ही बाजू नीट मांडलेल्या असतात. मोबाइलवरच्या मजकुरात ते कधी येत नाही.

मराठीत लहान पुस्तकाची जुनी परंपरा आहे, पण ती वादाची जास्त, ओळखीची कमी. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळाने सभाच रद्द केल्यावर बाबासाहेबांनी ते न झालेलं भाषण स्वखर्चाने छापलं, प्रती दीड हजार. ते इंग्रजीत होतं, पण परंपरा तीच. ही पुस्तकं वाचकाला ओळख करून देत थांबत नाहीत, जाब विचारतात.

ओळख आणि जाब दोन्ही हवे असतील तर दोन पुस्तिका सुचवते. नरहर कुरुंदकर यांची ‘छत्रपती शिवाजी महाराज : जीवन रहस्य’ आणि गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ दोन्ही एकाच पुरुषाविषयी, दोन्ही चिमुकल्या. कुरुंदकर अफजलखान, आग्रा या प्रसंगांच्या पलीकडे बघायला लावतात. १६८० मध्ये राजा गेला, तरी लोक १७०७ पर्यंत औरंगजेबाशी लढत राहिले. सत्तावीस वर्षं! का? पानसरे रयतेच्या बाजूने बघतात. महसूल कोण गोळा करत होतं, सैन्याला पिकाला हात लावायला मनाई का होती, राजाच्या चाकरीत मुसलमान सरदार कसे होते. ही पुस्तिका १९८८ ची. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात ते गेले. काही ठिकाणी ते निष्कर्षाला जरा घाईने पोचतात असं मला वाटतं, आणि हे मला म्हणता येतं ते ती वाचली म्हणून.

येताना एक पिशवी भरून अशी पुस्तकं आणली आहेत. ग्रंथालयातल्या लांब टेबलावर ठेवली आहेत, शेजारी नाव लिहायला वही आहे. कुरुंदकर एक आणि पानसरे एक अशा दोन प्रती मात्र बाजूला काढून ठेवल्या आहेत. ग्रुप सोडलेले आपले दोघेही आज आले आहेत, एक पहिल्या रांगेत आणि एक अगदी मागे दाराशी. त्यांनी एकेक न्यावी आणि महिन्याभराने अदलाबदल करावी. दोघांकडे एकमेकांचा नंबर अजून आहे, मी विचारून घेतलंय.