शिक्षेचे माप आणि न्यायाधीशांचा विवेक



आरोपीवरील गुन्हा सिद्ध झाला म्हणजे न्यायदानाचे निम्मेच काम होते. शिक्षा कोणती व किती द्यावयाची, हे उरलेले काम अधिक अवघड असते. कायद्यानेच एकमेव शिक्षा ठरवून दिली, तर गुन्हेगाराचे वय, परिस्थिती व पश्चात्ताप पाहण्यास न्यायालयास वाव उरत नाही.

भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ असेच होते. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास त्याला फाशीच द्यावी, अशी त्यात सक्ती होती. १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड त्या घटनापीठाचे प्रमुख होते. समानतेच्या व जीविताच्या मूलभूत हक्कांशी ही सक्ती विसंगत आहे, असा निर्वाळा पीठाने दिला.

मात्र विवेक म्हणजे मर्जी नव्हे. एकाच गुन्ह्यासाठी एकास सौम्य व दुसऱ्यास कठोर शिक्षा झाली, तर लोकांचा विश्वास ढळतो; पीडितावरही अन्याय होतो. म्हणून विवेकाला कारणांची जोड हवी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे आवश्यक केले आणि फाशी देताना विशेष कारणे नमूद करण्याचे बंधन घातले. १९५८ चा परिवीक्षा अधिनियम तर एकवीस वर्षांखालील तरुणास, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यासाठी, तुरुंगात पाठविण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेण्यास सांगतो. तुरुंगवास दिलाच, तर कारणे लिहावी लागतात.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची प्रथमच चोरी करणाऱ्याने तो माल किंवा त्याची किंमत परत केल्यास त्याला ही शिक्षा होते. समाजास उपयोगी असे हे काम विनामोबदला करावयाचे असते.

कायद्याने दिलेली ही लवचिकता माहितीवाचून पांगळी ठरते. मुलाची शाळा का सुटली, घरी कमावते कोण, गावात त्याचे वर्तन कसे होते, हे शिक्षक व पंचायत सदस्य जाणतात. परिवीक्षा अधिकारी चौकशीस आल्यास त्यांनी भीड किंवा वैर न ठेवता सत्य सांगावे. त्या चार ओळींवर एखाद्या तरुणाचे पुढील आयुष्य अवलंबून असते.