गणित आणि जीवशास्त्र : दोन्ही ठेवावेत का?

दहावीचा निकाल लागला की गिरीजच्या घराघरांत हाच विचार सुरू होतो : गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही ठेवायचे का? दोन्ही दारे उघडी असावीत, ही भावना समजण्याजोगी आहे. पण राज्य मंडळाच्या बारावीला मुख्य विषय सहाच. ‘नीट’च्या ७२० गुणांत जीवशास्त्राचे ३६०; तेथे गणित नाही. अभियांत्रिकीच्या सीईटीत २०० पैकी गणिताचे १००. तेथे जीवशास्त्र नाही. म्हणजे मुलाने एकाच वेळी दोन शर्यती धावायच्या, तेही वसई रोडच्या लोकलची गर्दी सोसून! मग वेळ वाचवायचा कुठे? भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते, त्यात गुण सहज मिळतात अशी समजूत. आणि मराठी निमूटपणे गळते. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या मुलाचा ग्रांथिक मराठीशी असलेला शाळेतील धागाही तेथेच तुटतो, याची हळहळ कोणाला वाटताना दिसत नाही. दोन्ही विषयांची खरी ओढ असलेल्याने ते अवश्य घ्यावेत. केवळ धास्तीपोटी नकोत. निर्णय प्रवेशापूर्वी, मुलाला शेजारी बसवून व्हावा. आणि अर्जातील भाषेच्या रकान्यात काय भरले आहे, ते आई-वडिलांनी स्वतः वाचावे.