दोन पायांचं टेबल : अँटिक कन्सोलची गोष्ट

आज टेबलाबद्दल बोलायचंय. स्टडी टेबल नाही आणि डायनिंग टेबलही नाही. भिंतीला चिकटून उभं असतं ना, ते अरुंद, लांबट टेबल. हॉटेलच्या लॉबीत त्यावर फुलं असतात, सिरियलमधल्या श्रीमंत घरात हिरो येता येता त्यावर गाडीची चावी टाकतो. त्याला म्हणतात कन्सोल टेबल. "जुनं कन्सोल घ्यावं का?" आणि "आजीचं आहे, त्याला पांढरा रंग मारू का?" असे दोन मेसेज एकाच आठवड्यात आले. दुसरा वाचून मला धस्स झालं. त्यावर येतोच, पण आधी थोडा इतिहास.

कन्सोल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर प्लेस्टेशन येणार, मला माहितीये. मुळात हा फ्रेंच शब्द इमारतींचा आहे. छज्जाला किंवा फळीला खालून आधार देणारा वळणदार ब्रॅकेट म्हणजे कन्सोल. सतराव्या शतकाच्या शेवटी इटली-फ्रान्समध्ये अशाच ब्रॅकेटवर संगमरवरी फळी टेकवून ती भिंतीला पक्की केली, आणि त्याचं नाव पडलं कन्सोल टेबल. पाय फक्त पुढच्या बाजूला, दोन, कधी कधी तर एकच. मागचे पाय नाहीतच, कारण मागे भिंत आहे.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. हे टेबल म्हणजे फर्निचर कमी आणि भिंत जास्त. फ्रान्समध्ये खोलीचं लाकडी पॅनेलिंग, आरसा आणि कन्सोल यांचं डिझाइन बऱ्याचदा एकत्रच व्हायचं, आणि पॅनेल कोरणारे कारागीरच टेबलही कोरायचे. म्हणजे आज बाजारात दिसणारं असलं कन्सोल कधीतरी कुठल्यातरी भिंतीवरून उपटलेलं आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ च्या ऑगस्टपासून जवळजवळ वर्षभर व्हर्सायच्या राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव चालला होता. १७ हजारांहून जास्त लॉट! राजाचं घर असं जगभर विखुरलं.

व्हर्सायचाच आणखी एक किस्सा. तिथला आरसेमहाल १६८४ मध्ये पूर्ण झाला. चौदाव्या लुईने तिथे टेबलं, दिवे, झाडांच्या कुंड्या, सगळं भरीव चांदीचं ठेवलं होतं. पाच वर्षांत युद्धासाठी पैसे कमी पडले, आणि १६८९ मध्ये ती सगळी चांदी वितळवून नाणी पाडली. म्हणून त्या काळातलं जे टेबल आज बघायला मिळतं ते सोन्याचा वर्ख दिलेल्या लाकडाचं. लाकूड वितळत नाही, म्हणून वाचलं.

आता, हे टेबल कशासाठी होतं? जेवायला नाही, लिहायला नाही. उजेडासाठी! वीज नव्हती. दोन खिडक्यांच्या मधली भिंत ही खोलीतली सगळ्यात अंधारी जागा. तिथे कन्सोल, त्यावर मेणबत्त्या, त्यामागे उंच आरसा. एका ज्योतीच्या दोन झाल्या, आणि सोन्याच्या वर्खावर तोच उजेड लकलकत राहिला. इंग्लंडमध्ये खिडक्यांमधल्या या भिंतीला पिअर म्हणतात, म्हणून तिथे हेच झालं पिअर टेबल. नेपोलियनच्या काळात तर टेबलाच्या खाली, पायांच्या मागेही आरसा बसवू लागले. बायकांना परकर दिसतोय का ते बघता यावं म्हणून तो होता, अशी एक गोष्ट गाइड लोक फार रंगवून सांगतात. साफ खोटी. एवढ्या खालच्या आरशात बघायला खूप लांब उभं राहावं लागेल. तो आरसा उजेड परतवायला आणि टेबल भारदस्त दिसायला होता.

स्टाइल्सचं मी भराभर सांगतो, कारण रील्सवर याचे शंभर चार्ट सापडतील. पंधराव्या लुईच्या काळात सगळं वळणदार, शंख-शिंपले, वेली. सोळाव्या लुईच्या काळात पाय सरळ झाले, त्यावर उभ्या खाचा आल्या. इंग्लंडात १७३० च्या आसपास पंख पसरलेल्या गरुडाच्या डोक्यावर संगमरवर ठेवायची टूम निघाली. मला ती थोडी भीतीदायक वाटते, पण आहे जबरदस्त. नंतर रॉबर्ट अॅडमच्या पिढीने नाजूक अर्धगोल टेबलं आणली.

या अर्धगोलापाशी थांबू, कारण इथे खिसा कापला जातो. जुन्या इंग्लिश डायनिंग टेबलांची दोन्ही टोकं अर्धगोल, वेगळी होणारी असायची. मधला भाग हरवला की ही टोकं "अँटिक कन्सोल, जोडी" म्हणून विकली जातात. जुनी असतात, पण कन्सोल नसतात. ओळखायचं कसं? मागची कड बोटाने चाचपा. फळ्या जोडायच्या खाचा, खुंट्यांची भोकं, पितळी क्लिपांच्या खुणा सापडल्या तर समजा डायनिंगचं टोक आहे. अशा वेळी भाव त्या हिशोबाने करा.

मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला गेलात तर टेबलाचा चेहरा बघू नका, पाठ बघा. भिंतीकडची बाजू कोणी गुळगुळीत करत नसे, तिथे हाताने मारलेल्या रंध्याचे उंचसखल पट्टे लागतात. करवतीच्या खुणा गोल कमानीसारख्या असतील तर ते लाकूड मशीनच्या गोल करवतीने कापलंय, म्हणजे अठराव्या शतकाचा दावा संशयास्पद. स्क्रूला अणकुचीदार टोक असेल तर तो साधारण १८५० च्या अलीकडचा. अर्थात स्क्रू बदललेलाही असू शकतो, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

आता तो पांढऱ्या रंगाचा मेसेज. फोटो बघितला. काळ्या शिसवी लाकडाचं, जाळीसारखं खच्चून कोरलेलं टेबल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबईत, फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटच्या आसपास, असं फर्निचर बनायचं. आकार युरोपियन, नक्षी इथल्या कारागिरांची. बाहेरचे लोक त्याला बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात आणि त्याचे नमुने परदेशी संग्रहालयांत आहेत. नुसत्या फोटोवरून ते तेव्हाचंच आहे असं मी सांगणार नाही. पण ताई, कृपा करून रंग मारू नका. त्या जाळीत गेलेला रंग पुन्हा काढताना नक्षीच्या कडा जातात. जुन्या लाकडाचं काम करणारा जाणकार सुतार आधी दाखवा.

सोनेरी टेबल असेल तर वेगळीच भानगड. खरं काम असं असतं : लाकडावर सरसात कालवलेल्या खडूच्या पुडीचे अनेक हात, त्यावर तांबूस चिकणमाती, मग पाण्याने चिकटवलेला सोन्याचा वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी. म्हणजे त्या सोन्याखाली सगळं पाण्यात विरघळणारं आहे! ओल्या फडक्याने एकदा पुसलंत की दोनशे वर्षांचं सोनं फडक्यावर येतं. फक्त कोरडा, मऊ ब्रश. पावसाळ्यात दमट भिंतीपासून लांब. आणि कुठे हिरवट-तपकिरी काळपटपणा दिसला तर तिथे नंतर कोणीतरी सोनेरी पावडरचा रंग फासलाय, कारण सोनं काळं पडत नाही.

फ्लॅटमध्ये लावायचं तर सजावटीआधी वजन बघा. चार फूट बाय दीड फूट, एक इंच जाड संगमरवर म्हणजे साधारण ३८ किलो. दोनच पाय असलेलं टेबल भिंतीला घट्ट बांधलं नाही तर लहान मूल लोंबकळल्यावर ते पुढे येणारच. नवीन बिल्डिंगमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिक प्लग ठोकून हे झेपत नाही. बीम किंवा कॉलमची जागा शोधा, नाहीतर मागे चार पायांची लोखंडी फ्रेम करून घ्या. दुरून दिसत नाही.

एवढं झालं की मजा. आरसा टेबलापेक्षा थोडा अरुंद, टेबलाच्या वर वीतभर. समोर खिडकी असेल तर उत्तमच. वर एकच दिवा, पिवळ्या उजेडाचा, कारण पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सोन्याचा वर्ख पितळेसारखा दिसतो. खाली चपलांचा रॅक कोंबू नका, तिथली मोकळी जागा हाच त्याचा तोरा आहे. फारच रिकामं वाटलं तर आजीचा तांब्याचा हंडा ठेवा. पाणी न भरता!

तुमच्याकडे असं काही असेल तर फोटो पाठवा. समोरून एक, पाठीचा एक. पाठीचा विसरू नका. चला, भेटू पुढच्या भागात.