यमुनेचा उतार आणि तिबेटातील धावपट्टी

पानिपत शहराबाहेर ‘काला अंब’ नावाचे स्थळ आहे. १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामात सांडलेल्या रक्ताने तेथील आंब्याचे झाड काळे पडले, अशी दंतकथा त्या भागात सांगितली जाते. ते झाड आज नाही. त्या जागी स्मारकस्तंभ आहे. मराठी भाषेत मात्र ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार कायमचा राहिला आहे. या पराभवाची कारणे अनेकांनी अनेक परींनी सांगितली. त्यांतील एक कारण आजच्या संरक्षणाच्या विचारालाही लागू पडणारे आहे. ते म्हणजे यमुनेचा पूर.

१७६० च्या पावसाळ्यात यमुना दुथडी वाहत होती. अब्दाली पूर्वतीरावर अडकून पडला होता आणि पश्चिमतीरावर सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने कुंजपुरा त्याच्या डोळ्यांदेखत जिंकले. पूर ओसरेपर्यंत शत्रू अलीकडे येत नाही, हा हिशेब चुकीचा नव्हता. तो अपुरा होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला, काही माणसे प्रवाहात गमावली, आणि तो नदी ओलांडून मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दक्षिणेची वाट तुटली. रसदीचा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. अखेर उपाशी फौज रणांगणात उतरली.

आज यमुनेच्या जागी हिमालय आहे, आणि घोडदळाच्या जागी चीनचे विमानदळ. ११ नोव्हेंबर १९४९ रोजी स्थापन झालेल्या या दलाला तिबेटात एक अडचण निसर्गानेच घातली आहे. ल्हासाजवळचा गोंगर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५७० मीटर, शिगात्से सुमारे ३,८०० मीटर, तर लडाखपलीकडील न्गारी सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आहे. चार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी लांब लागते. एवढे करूनही विमानाला इंधन किंवा शस्त्रे यांपैकी काहीतरी मागे ठेवावे लागते. उलट पानिपतच्या उत्तरेचे अंबाला किंवा आसामातील तेजपूर हे तळ सखल मैदानात आहेत. तेथून विमान भरल्या वजनानिशी उडू शकते.

हा लाभ १९६२ मध्येही भारताच्या बाजूस होता. तिबेटात तेव्हा रेल्वे नव्हती; इंधन शेकडो मैलांवरून ट्रकांनी आणावे लागे. तरीही आपल्या शहरांवर बाँब पडतील या धास्तीने भारताने लढाऊ विमाने वापरलीच नाहीत; विमानदळ केवळ वाहतूक करीत राहिले. पानिपतला शत्रूच्या शक्तीचा अंदाज कमी पडला, तर येथे तो अतिरिक्त ठरला. दोन्ही चुकांचे मूळ एकच: शत्रूच्या रसदीचे आणि साधनांचे अचूक ज्ञान नसणे. त्या युद्धाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, सैन्याच्या व विमानदळाच्या वाढीचा कार्यक्रम आखला गेला, आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला.

परंतु उंचीचा लाभही पुरासारखाच असतो. तो खरा असतो, पण कायमचा नसतो. २००६ मध्ये रेल्वे ल्हासाला पोहोचली, २०१४ मध्ये शिगात्सेला, २०२१ मध्ये न्यिंगचीला. जुन्या तळांवर नव्या धावपट्ट्या आणि विमाने झाकणारे भक्कम निवारे बांधले गेले. २०२० च्या गलवान संघर्षानंतर या कामांना विशेष वेग आला. हवेतच इंधन भरणारे विमान सोबत असले की कमी इंधनावर उडालेले लढाऊ विमानही दूर जाऊ शकते. तिबेटच्या उत्तरेकडील होतान हा तळ तर सुमारे चौदाशे मीटरवरच आहे. तेथे विरळ हवेचा अडसर बराच कमी होतो. शिवाय क्षेपणास्त्रांना धावपट्टी लागत नाही. सखल भागातील मोठे तळ हेच त्यांचे सोपे लक्ष्य ठरतात. हे सारे म्हणजे बागपतचे नवे उतार होत.

भारतानेही आपली तयारी वाढविली आहे. सुमारे पाच हजार मीटर उंचीवरील दौलत बेग ओल्डी येथे २०१३ मध्ये हर्क्युलिस जातीचे अवजड वाहतूक विमान उतरले. २०२० मध्ये अंबाल्याच्या तळावर राफेल विमाने दाखल झाली. तथापि नवे विमान येणे ही तयारीची एक बाजू झाली. धावपट्टी फुटल्यास ती किती तासांत दुरुस्त होईल, विमाने निवाऱ्यात आहेत की उघड्यावर, इंधनाचे साठे एकाच ठिकाणी आहेत की विखुरलेले, या साध्या प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळातच द्यावी लागतात. पर्वत आपल्या बाजूने उभा असला, तरी त्याच्या भरवशावर पहारा सैल करता येत नाही.